बाळाच्या डोळ्यांची शंका: घाई किती करायची आणि थांबायचं किती

दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेलेलं असतं. वजन होतं, मांडीला सुई टोचली जाते, बाळ रडून लालबुंद होतं, आणि मग बालरोगतज्ज्ञ त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहतात. "एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या," म्हणत चिठ्ठी लिहून देतात. रिक्षा नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकते तोवर मोबाइलवर शोधाशोध सुरू झालेली असते, आणि रात्री झोपेपर्यंत आईबापांनी मनाशी चार आजार पक्के करून टाकलेले असतात.

त्या चिठ्ठीत निदान नसतं, शंका असते. आणि ही शंका फार लांबरुंद असते. अश्रूंची नळी बंद असण्यापासून ते डोळ्यातल्या गाठीपर्यंत काहीही तिच्यात मावतं. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: "किती दिवसांत दाखवायला हवं?" नेमकं काय झालंय हे त्या क्षणी बालरोगतज्ज्ञांनाही सांगता येत नाही, पण घाई किती आहे हे त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं. "उद्याच", "या आठवड्यात", "पुढच्या लसीपर्यंत चालेल", जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहूनच घ्या. घरी गेल्यावर सासूबाई, मामा, शेजारच्या काकू अशी सगळी मंडळी आपापलं मत देणार आहेत. तेव्हा तो कागद कामाला येतो.

बाळाच्या डोळ्यांच्या बाबतीत वेळ एवढी महत्त्वाची का, हे आधी समजून घेऊ. जन्मतः बाळाचा डोळा बराचसा तयार असतो, पण बघणं तयार नसतं. पहिल्या दिवसांत त्याला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यापलीकडे सगळं धूसर. सहा ते आठ आठवड्यांत ते नजरेला नजर देऊ लागतं, बघून हसतं. तीन महिन्यांच्या आसपास खुळखुळा डावीकडून उजवीकडे नेला की डोळे मागोमाग जातात. हे सगळं शिकतो तो मेंदू. दोन्ही डोळ्यांकडून स्वच्छ चित्र आलं, तरच त्याचं शिकणं पुढे सरकतं. एका डोळ्याकडून धूसरच चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो. पुढे डोळा दुरुस्त केला तरी नजर पुरती येत नाही. याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात, पण यात डोळ्याचा आळस काही नसतो. गंगापूर धरणाचं आवर्तन वेळेवर सुटलं तर पिकाला उपयोग. पीक करपून गेल्यावर कालवा दुथडी भरून वाहिला तरी शेतकऱ्याला त्याचं काय?

जन्मजात मोतीबिंदूत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. हो, मोतीबिंदू नवजात बाळालाही असू शकतो. कधी तो घराण्यातून येतो, कधी आईला गरोदरपणात रुबेला होऊन गेल्यामुळे होतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ आठवड्यांच्या आसपास व्हावी असं मानतात. फार लवकर, म्हणजे पहिल्या चार आठवड्यांतच केली, तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. मधली फट ही एवढीशीच. आणि घरातले मोठे म्हणतात, "मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो." आजोबांच्या पिढीत डॉक्टरही तसं सांगत. बाळाच्या मोतीबिंदूला तो नियम लावणं म्हणजे नजर घालवणं.

यात आपल्याकडची एक अडचण आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचं नाही ही चाल. तिच्यामागे शहाणपण नाही असं नाही. बाळंतिणीला विश्रांती मिळते, बाळ गर्दीपासून, संसर्गापासून लांब राहतं. पण सव्वा महिना म्हणजे साडेपाच आठवडे, आणि वर सांगितलेली मुदत नेमकी त्याच सुमाराला संपत येते. बाराव्या दिवशी बारशाला आलेली आत्या म्हणते, "याच्या बाहुलीत काहीतरी पांढरं दिसतंय गं," आणि सगळे ठरवतात, सव्वा महिना झाला की दाखवू. मग अपॉइंटमेंट, मग रक्ताच्या तपासण्या, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांची तारीख. तोवर दोन-अडीच महिने होतात. अशा वेळी बाळाला दुपट्यात गुंडाळून, टोपडं घालून दवाखान्यात नेलं तर सव्वा महिन्याचा मान काही कमी होत नाही.

बालरोगतज्ज्ञांनी नक्की काय बघितलं?

खोलीतले दिवे मंद करून हातभर अंतरावरून एका छोट्या उपकरणातून बाहुलीत उजेड टाकला, की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून (रेटिनावरून) तो परत येतो आणि बाहुली लालसर चमकते. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत ही चमक लाल कमी आणि नारिंगी, तपकिरी जास्त दिसते. रंग नेमका कोणता याला तितकं महत्त्व नाही. दोन्ही डोळ्यांत ती सारखी आहे का, हे बघायचं असतं. एकीकडे चमक मंद, काळपट किंवा पांढरी असली की चिठ्ठी मिळते. मध्ये मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचा आजार असू शकतो, एका डोळ्याला मोठा नंबर असू शकतो. आणि कितीदा तरी बाळ रडत होतं, डोळे मिटत होतं, म्हणून नीट दिसलंच नाही एवढंच असतं. घरी मोबाइलचा टॉर्च बाळाच्या डोळ्यांत मारून ही परीक्षा घेऊ नका. त्यातून काही कळत नाही, बाळ मात्र वैतागतं.

फोटोंचं मात्र थोडं वेगळं आहे. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल आणि दुसरीत पांढरी चमक आली, तर तो फोटो पुसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळ किंचित तिरकं बघत असेल तर निरोगी डोळ्यातही अशी चमक येते, कारण उजेड थेट डोळ्याच्या मागच्या नसेच्या तोंडावर पडून परततो. त्यामुळे एका फोटोवरून घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचाच. कारण पांढऱ्या बाहुलीच्या कारणांत रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोगही आहे. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एखाद्या बाळात तो आढळतो, बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आत. वेळेत सापडला तर जीव वाचतो आणि अनेकदा डोळाही वाचतो.

घाईचीच आणखी दोन कारणं सांगून टाकतो. एक आहे जन्मजात काचबिंदू. यात डोळ्यातला दाब वाढून तान्ह्या बाळाचा कोवळा डोळा ताणला जातो आणि मोठा दिसू लागतो. नातेवाईक कौतुक करतात, "काय टपोरे डोळे आहेत!" नुसते टपोरे असतील तर खुशाल कौतुक करा. पण डोळ्यांतून पाणी येतंय, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून तोंड फिरवतंय, काळ्या भागावर निळसर-धुरकट झाक आहे, असं असेल तर दोन दिवसांत डॉक्टरांसमोर हजर व्हा. नवजात बाळाच्या बुबुळावरचा पारदर्शक भाग साधारण १० मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या वर्षात तो १२ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. यावर उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचाच असतो आणि लवकर केलेली चांगली. दुसरं कारण, पहिल्या महिन्यात पापण्या सुजून भरपूर पू येणं. त्याला घरगुती काही करत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची घाई वेगळी, कारण त्यांच्यात बाहेरून काहीच दिसत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी व्हायला हवी. फारच लहान, म्हणजे २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. या बाळांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरायच्या राहिलेल्या असतात आणि त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटू शकतो. उपचाराची वेळ आलीच तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. गोंधळ होतो तो असा: बाळ वीस-बावीस दिवसांनी नाशिकच्या एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी जातं, घर म्हणजे आईचं माहेर, ते सुरगाण्याला किंवा पेठला, आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत तशीच राहते. वजन वाढतंय, बाळ छान पितंय, मग डोळे कशाला दाखवायचे? दाखवायचे. आणि एकदा नाही, रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा.

आता थांबण्यासारख्या गोष्टी. एका डोळ्यातून सतत पाणी, सकाळी चिपडं, पण डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ आणि उजेडाचा त्रास नाही, तर बहुधा अश्रूंची नळी उघडायची राहिलेली असते. नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दाबून खाली मसाज कसा करायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. दहापैकी नऊ बाळांत ती नळी वर्षभरात आपोआप मोकळी होते. तिरळेपणाचंही तसंच. पहिले तीन-चार महिने डोळे अधूनमधून भरकटतात. नाकाचं मूळ रुंद असलं तर डोळे सरळ असूनही तिरळे भासतात. पण डोळा सततच तिरका असेल, किंवा चार महिन्यांनंतरही तिरका होत असेल, तर "मोठा झाला की जाईल" म्हणायचं नाही.

अजून सांगता येत नाही

सगळ्यात अवघड असतं ते मधल्या गटातल्या आईबापांचं. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी नजर देत नाही, किंवा त्याची बुबुळं सारखी डावी-उजवीकडे हलत राहतात. असं हलणं बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांच्या वयात सुरू होतं, त्याआधी घरच्यांना ते दिसलेलंच नसतं. कारणं बरीच: पडद्याचे आजार, डोळ्याच्या नसेची अपुरी वाढ, रंगद्रव्याचा अभाव, मेंदूशी संबंधित काही. काही बाळांत डोळा आणि मेंदू दोन्ही तपासून काहीच सापडत नाही आणि नजर पुढे बऱ्यापैकी येते. न बघणाऱ्या बाळांत असाही एक गट आहे, ज्यांची दृष्टी फक्त उशिरा जागी होते. पाच-सहा महिन्यांत ती बाळं बघायला लागतात. अडचण अशी, की हे कोणतं बाळ ते अगोदर सांगता येत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय इथे वेगळं मोजायचं असतं. बाळ आठ आठवडे आधी आलं असेल तर तीन महिन्यांचं झाल्यावर त्याच्याकडून एका महिन्याच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. ते नजर देत नाही म्हणून झोप उडालेल्या कितीतरी आयांची काळजी या एका वजाबाकीने कमी होते.

तपासणीच्या दिवसाबद्दल आधी माहिती असली तर तो दिवस बराच सुसह्य होतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास थांबतात. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून पापण्या उघड्या ठेवायची एक छोटी तारेची चिमटी लावतात. बघायला ती भयंकर वाटते. डोळा बधिर करायचे थेंब आधी घातलेले असतात, बाळ रडतं ते मुख्यतः धरून ठेवल्यामुळे. बघवत नसेल तर आईने बाहेर थांबावं आणि बाबांनी किंवा मावशीने आत जावं. यात काही कमीपणा नाही. तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजू नका, रडताना उलटी होते. नंतर काही तास उजेड टोचतो, तेव्हा दुचाकीवरून भर उन्हात आणण्याऐवजी रिक्षा करा. कधी नीट बघण्यासाठी भूल देऊन तपासणी ठरते, कधी पडदा उजेडाला किती प्रतिसाद देतो हे मोजणारी ईआरजी, कधी एमआरआय. प्रत्येक वेळी विचारा: या तपासणीने उपचार बदलणार आहे, की नुसतं नाव कळणार आहे? नाव कळण्यालाही किंमत आहे, पण ती तपासणी पुढच्या महिन्यात झाली तरी चालते.

आणि नाव कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. बाळाशी बोलताना चेहरा फूटभर अंतरावर आणा आणि तिथेच थांबा. दर दोन सेकंदांनी नवं खेळणं नको. काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांचं कापड, कुंकवाचा मोठा टिळा, चमकणारी वाटी, एका वेळी एकच वस्तू, मागे साधी भिंत. उचलण्याआधी नाव घ्या, हात लावा, मग उचला. ज्याला नीट दिसत नाही ते बाळ अचानक हवेत उचललं की दचकतं. बाळाला नीट दिसत असेल तर यात काही बिघडत नाही. दिसत नसेल, तर ते काम आजपासून सुरू झालेलं असतं.

डोळ्यांत काय घालायचं नाही, हेही एकदाच सांगतो: काजळ, मध, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध, कोणाच्या तरी ओळखीतलं अंजन. काजळात शिसं असू शकतं, बोटाने जंतू जातात. आजींना तीट लावायचीच असेल तर गालावर किंवा तळपायाला लावू द्या. दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्याने डोळ्याला काही होत नाही आणि त्यांच्या जीवाला बरं वाटतं. ग्रहणाचं मात्र ऐकून घेऊ नका. "हिने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार" हे वाक्य अजूनही घराघरांत ऐकू येतं आणि आधीच खचलेल्या बाळंतिणीला ते आत कुठेतरी लागतं. ग्रहणाने डोळ्यांत दोष येत नाही. हे घरातल्या कोणीतरी मोठ्याने सगळ्यांसमोर म्हणायला हवं आणि ते काम नवऱ्याचं आहे.

आईची झोप उडाली आहे, बाळाला घ्यावंसंच वाटत नाही, सारखं रडू येतंय, असं दोन आठवडे चाललं तर बाळाच्या डोळ्यांइतकीच ती गोष्टही डॉक्टरांना सांगायची. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी क्रमांकावर फोन लावून मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

नाशिकमध्ये डोळ्यांचे दवाखाने कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत भरपूर आहेत, पण सगळेच तान्ह्या बाळांचं बघत नाहीत. फोनवर अपॉइंटमेंट घेताना सरळ विचारा, "दोन महिन्यांच्या बाळाचा पडदा तपासता का?" नाही म्हणाले तर कोण तपासतं हे त्यांनाच विचारा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार हे दोन्ही आहेत. त्याच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतून पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी हे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, सिव्हिलमध्ये त्याची चौकशी करा. शस्त्रक्रिया ठरली तर तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ती बसते का ते विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. डोळ्यातल्या गाठीची शंका असेल तर मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवतात. भूल देऊन तपासणी असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत करू नका. बाळ काही तास उपाशी ठेवावं लागतं, आणि उपाशी, रडत्या बाळाला घेऊन कसारा घाट उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केलेला बरा.

कागदांची एक फाइल करा आणि ती आईसोबत राहू द्या, माहेरी असो की सासरी. त्यात जन्माचं वजन, कितव्या आठवड्यात जन्म, एनआयसीयूतले दिवस, डोळ्यांच्या प्रत्येक तपासणीचा कागद असू द्या. मोबाइलमध्ये बाळाचे दोन छोटे व्हिडिओही ठेवा, एक खिडकीजवळच्या उजेडात, एक दूध पिताना. दवाखान्यात बाळ नेमकं झोपलेलं असतं आणि डोळे हलताना दिसत नाहीत, व्हिडिओत दिसतात.

निदान पक्कं झालं आणि ते घराण्यातून येणारं निघालं, तर डॉक्टर थोरल्या भावंडांचे आणि आईबापांचेही डोळे तपासायला सांगतील. नवरा-बायकोचं नातं आधीपासूनचं आहे का, मामाची मुलगी केली आहे का, हेही विचारतील. पडद्याच्या काही आजारांत आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं आणि जवळच्या नात्यात तसं होण्याची शक्यता वाढते, म्हणून तो प्रश्न असतो. उत्तर खरं द्या. पुढचं मूल होईल तेव्हा प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या बाळाचे डोळे पहिल्या आठवड्यातच तपासता येतील.